पंधरवड्याचा नियम

जनावर नकोसे झाले की माणूस कारणे शोधतो, आणि शोधणाऱ्याला ती कधी कमी पडत नाहीत. अजगर फार वाढला, कासवांच्या पाण्याला वास येऊ लागला, मुले शिकायला बाहेरगावी गेली, नव्या सुनेला बेडकाची किळस येते, अशी नाना कारणे पुठ्ठ्याच्या खोक्यांसोबत कासवकाकांच्या दाराशी येत. काका कारण ऐकून घेत, त्यावर वाद घालत, वादात जिंकत, आणि खोके ठेवूनच घेत. मागच्या खोलीत भिंतीलगत काचेच्या पेट्या एकीवर एक रचलेल्या होत्या. तिथल्या दमट उबेत हे टाकून दिलेले जीव, योग्य घर मिळेपर्यंत, दिवस काढत.

नव्या पाहुण्यासाठी काकांचा एकच नियम होता. पहिला पंधरवडा त्याला हात लावायचा नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्याकडे टक लावून पाहायचेही नाही. पेटीवर कापड टाकायचे, ऊब आणि पाणी द्यायचे, अन्न ठेवून मागे फिरायचे. भ्यालेल्या जिवाला माणसाची माया हा आणखी एक जाच वाटतो, असे ते म्हणत. आणि जनावरांपुरते ते खोटे नव्हते.

एकुलती एक लेक नवऱ्याचे घर सोडून परत आली, तेव्हा काकांनी तिलाही हाच नियम लावला. तिच्या खोलीचे पडदे त्यांनी ओढून घेतले. ते दाराशी ताट ठेवत आणि पाय न वाजवता परतत. ताट रिकामे दिसले की सुधारणा आहे, असे मनाशी म्हणत. पंधरवडा उलटला, त्यावर आणखी कितीतरी दिवस गेले. लेकीने काही सांगितले नाही आणि काकांनी विचारले नाही. बायको गेल्यापासून त्यांच्याही आत काहीतरी थिजलेच होते, त्यामुळे न विचारणे त्यांना जड गेले नाही.

मग एके सकाळी लेक म्हणाली, "मी आत्याकडे राहायला जातेय. उद्या येईल ती न्यायला."

"बरं," काका म्हणाले.

हे जाणे म्हणजे परत न येणे, हे त्यांना कळत होते. तिने जाऊ नये, ही त्यांची एकुलती एक इच्छा होती. पण ती त्यांना भिंतीपलीकडच्या भांडणासारखी ऐकू येत होती, अस्पष्ट, दुसऱ्याच कुणाची तरी.

दुसऱ्या दिवशी इग्वाना न्यायला शिंपी आला. हातभर लांबीचा तो हिरवा प्राणी त्याने छातीशी धरला आणि त्याचे डोके खाजवले.

"काका, हा तर माझ्यावर लट्टूच झाला की! बघा, कसे डोळे मिटून घेतलेत."

"लट्टू नाही, घाबरलाय. पळायला जागा नसली की डोळे मिटतो. तेवढंच त्याच्या हातात असतं."

"पण किती शांत आहे!"

"शांत असणं वेगळं, सुखात असणं वेगळं. गप्प आहे म्हणजे बरा आहे, असं धरून चालाल तर एक दिवस पेटीत मेलेला सापडेल. वर तुम्हीच म्हणाल, कालपर्यंत तर काहीच तक्रार नव्हती त्याची."

शिंपी हसला. "आमच्याकडे उलटं आहे. बायको गप्प बसली की मी सुखात असतो."

"म्हणजे हे तुम्हाला ठाऊक होतं, बाबा."

लेक बॅग घेऊन दारात उभी होती. आवाजात राग नव्हता. असता तर काकांना वाद तरी घालता आला असता.

"तुला त्रास नको म्हणून मी..."

"तिथून निघाले तेव्हा थांब असं कुणी म्हणालं नाही. इथं आले, तर का आलीस असं कुणी विचारलं नाही. दोन्हीकडे मी असून नसल्यासारखीच."

तेवढ्यात जिना चढून धापा टाकत आत्या आली. "काय हा वास! दादा, ह्या घरात माणसं राहतात का रे? आणि हे कोण? हेही कुणाला नकोसे झालेत का?"

"मी शिंपी," शिंपी म्हणाला.

"असू द्या." ती भावाकडे वळली. "पोरीला एकदा तोंड उघडून विचारलं असतंस तर जीभ झिजली असती तुझी?"

जन्मभर दुसऱ्याला शेवटचा शब्द न देणाऱ्या काकांनी मान खाली घातली. आत्याने बॅग उचलली. दोघी जिना उतरू लागल्या. काकांनी किल्ली काढून शिंप्याच्या हातावर ठेवली.

"अंधार पडला की पेट्यांमधले दिवे बंद करा. अजगराची पेटी मात्र उघडू नका."

"अहो काका, मी एक सरडा न्यायला आलो होतो!"

काका तोवर अर्धा जिना उतरले होते. खाली उभ्या आत्याच्या गाडीचे मागचे दार उघडून ते लेकीशेजारी बसले.

"आता तू कुठं निघालास?" आत्याने विचारले.

"हिच्याबरोबर."

गाडीने चौक ओलांडला. डोळे भरून यावेत, गळा दाटावा, असे काहीच झाले नाही; आत सारे होते तसेच थिजलेले होते. आतून काही उमटेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी तसेच, कोरड्या तोंडाने विचारले, "काय झालं होतं तिथं?"

लेकीने खिडकीची काच वर घेतली.

"त्याला माझा खोकला चालायचा नाही," ती म्हणाली. "रात्री ढास लागली की मी न्हाणीघरात जाऊन खोकायचे. दार लावून, नळ सोडून."

आत्याने गाडीचा वेग कमी केला.

"आणि मग?" काकांनी विचारले.

"मग म्हणाला, पाणी वाया जातंय."

काकांनी पुढचे विचारले.