गुणाजी परबांची हरकत

आमचं 'धोरणवृत्त' साप्ताहिक घाटकोपर स्टेशनजवळच्या एका माडीवरून निघे. विधेयकं, परिपत्रकं, कुठल्या खात्याचं धोरण कुठवर आलं, एवढाच मजकूर. वर्गणीदार साडेतीनशे. त्यांतले निम्मे सरकारी कचेऱ्यांत होते आणि बाकीचे तिथे शिरायला बघत होते. पंचावन्न साली संपादक अनंतराव दाबक्यांनी छोट्या जाहिराती घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात मारलं.

अनंतरावांची उभी हयात सचिवालयात विधेयकांचे मसुदे तपासण्यात गेली होती. विधेयकाला 'उद्देश व कारणे' असं निवेदन जोडतात. तसंच ते प्रत्येक जाहिरातीला जोडायचं आणि त्यात खोटं अक्षर चालणार नाही, असा त्यांनी नियम केला. शिवणयंत्र विकायला काढलेल्या एका बाईंना मी कारण विचारलं, तर त्या तडक जिना उतरून गेल्या. हा नियम मूर्खपणाचा आहे असं मी अनंतरावांना तोंडावर सांगत असे. ते माझं म्हणणं लिहून घेत.

एका सोमवारी कुर्ल्याहून गुणाजी परब आले. गिरणीत कामाला, पन्नाशीचे. त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा नंदकुमार तीन आठवड्यांपूर्वी घर सोडून गेला होता. शेजाऱ्याकडून त्यांनी जाहिरात लिहून आणली होती: 'नंदकुमार, असशील तिथून निघून ये. आई अंथरुणाला खिळली आहे. कुणी रागावणार नाही.' मोठ्या दैनिकात का देत नाही, असं मी विचारलं. मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणार होता, आणि आमचाच अंक तेवढा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, असं त्यांनी सांगितलं.

आईला काय होतंय, असं अनंतरावांनी चष्म्यावरून विचारलं.

"काय नाय. बरी आसा," गुणाजी म्हणाले. त्यांच्या पत्नी मालनबाई खाली जिन्यापाशी पिशवी घेऊन उभ्याच होत्या.

ते वाक्य कापलं गेलं. 'कुणी रागावणार नाही' हे विधान भविष्याविषयी असल्यामुळे सिद्ध करता येत नाही, म्हणून तेही गेलं. उरलं एकच वाक्य, आणि कारणे.

कारण सांगायला गुणाजींना अर्धा तास लागला. त्यांनी गिरणीत शब्द टाकून मुलासाठी कापड विणायच्या साच्यावर जागा मिळवली होती आणि मुलगा परीक्षेचंच घेऊन बसला होता. त्यावरून भांडण झालं आणि गुणाजींनी त्याचे सगळे अंक आणि वह्या अंघोळीच्या बंबात घातल्या. नंदकुमारने त्याच पाण्याने अंघोळ केली आणि घर सोडलं. मी लिहिलं, 'कारण: वडिलांनी अंक व वह्या जाळल्या.' पुढे 'चूक वडिलांची' असं गुणाजींनीच घालायला लावलं. मला त्या माणसाचं वाईट वाटलं आणि अनंतरावांचा भयंकर राग आला.

जाहिरात छापली. दहा दिवसांनी नंदकुमारचं पत्र आलं, पत्ता न घातलेलं. 'जाहिरातीतील कारण अपुरे आहे. अंक जाळण्याआधी मी वडिलांना सगळ्या चाळीदेखत अडाणी म्हणालो होतो. कृपया शुद्धिपत्र छापावे.'

शुद्धिपत्र आधी जाहिरातदाराला दाखवायचं, हाही एक नियम होता. गुणाजींना बोलावून मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"तो असा काय बोलूक नाय," ते म्हणाले. "ह्या छापू नकात. माझी हरकत आसा."

ते धडधडीत खोटं बोलत होते. पोराच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून बोलत होते, आणि ते मला समजत होतं तर अनंतरावांना समजायला हवं होतं. पण तथ्याबद्दल वाद उपस्थित झाला आहे, तेव्हा सुनावणी घ्यावी लागेल, असं ते म्हणाले. मुलाचा पत्ता नसल्यामुळे पुढच्या अंकात नोटीस छापली: दोन्ही पक्षांनी सोमवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे.

त्या सोमवारी मी कचेरी तासभर आधी उघडली. गुणाजी आणि मालनबाई बाकावर येऊन बसले. अकरा वाजून गेले. मालनबाईंनी मला तीनदा वेळ विचारली. तो येत नाही असं मी मनाशी धरून चाललो होतो, तेवढ्यात अकरा पंचवीसला नंदकुमार जिना चढून आला. खूप वाळला होता. अनंतरावांनी उशिराची नोंद केली आणि कामकाज सुरू केलं.

नंदकुमार म्हणाला, मी तो शब्द बोललो. गुणाजी म्हणाले, बोलला नाही. साक्षीदार म्हणून मालनबाईंना विचारलं, तर त्या वेळी आपण नळावर होतो, काही ऐकलं नाही, असं त्यांनी सांगितलं.

वाद मिटत नसल्यामुळे सुनावणी तहकूब झाली. पुढची नोटीस टपालाने जाणार होती. गुणाजींचा पत्ता आमच्याकडे होता. नंदकुमार म्हणाला, मी मित्राकडे राहतो, तिथूनही उद्या निघायचंय.

"दोन पत्ते म्हणजे दोन नोटिसा," अनंतराव म्हणाले. "तशी तरतूद नाही. दोन्ही पक्षांचा पत्ता एकच पाहिजे."

असा नियम आमच्याकडे कुठेही नव्हता. सगळे नियम मीच टंकलिखित केले होते.

अनंतरावांनी रजिस्टर पुढे सरकवलं. नंदकुमारने त्याला हात लावला नाही. मग गुणाजी उठले, दौतीतला टाक उचलून त्यांनी त्याच्यापुढे धरला.

"लिव," ते म्हणाले. "माका लिवूक येना नाय."

नंदकुमारने टाक घेतला आणि कुर्ल्याच्या चाळीचा पत्ता लिहिला, खोलीच्या नंबरासकट.