पाठवणीची चाल

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. शिरूरच्या म्हाळू मास्तरांच्या घरी, खुंटीला टांगलेल्या मखमली पिशवीत मी राहते. माझं काळं लाकूड आणि पांढऱ्या चाव्या मेरठमध्ये जुळल्या, पण आवाज मला मास्तरांनी दिला. माझ्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते. ती ओठांत भिजल्याशिवाय मी बोलत नाही.

मास्तरांचा बँड शिरूरपासून दौंडपर्यंत लग्नं वाजवायचा. चाल मी धरायची आणि ढोल-ताशांनी माझ्यामागून यायचं, अशी पद्धत होती. लोक नाचायचे, पण चालीवर नाचायचे. मास्तर दम घ्यायला थांबले की तेही थांबायचे. पाठवणीचा नियम मात्र वेगळा. नवरी गाडीत बसून गाडी हलेपर्यंत ताशावर काडी पडायची नाही. तेव्हा मी एकटीच वाजायची. जिला लेक नाही तीसुद्धा पदर डोळ्यांना लावायची.

पुढे गाणी बदलली. आधी बँडच्या गाडीवर कीबोर्ड चढला. त्याचं बटण दाबलं की ताशा वाजायचा, म्हणून ताशेवाले घरी बसले. मग सिनेमाची गाणीच नाचासाठी बनू लागली. ठोका मोठा, चाल आखूड. पूर्वी नवं गाणं बसवायला मास्तरांच्या दोन-तीन संध्याकाळी जात. आता ते चहा निवायच्या आत बसे, कारण बसवण्यासारखं त्यात फारसं नसे. कारेगाव, सणसवाडीच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगार पोरांच्या वरातीत हिंदी, मराठी, भोजपुरी काहीही चाले. ठोका तेवढा तोच लागे. हळदीची, देवाची, जयंतीची गाणीही त्याच ठोक्यावर आली. शेवटी डीजे आला आणि अख्खा बँड एका पेन ड्राइव्हमध्ये मावला.

आमच्या भागात डीजे आणला तो सत्यजीतने. तो मास्तरांचाच जुना ढोलवाला. एका दुपारी तो घरी आला आणि मास्तरांच्या पाया पडला. पाठवणीची चाल मोबाईलमध्ये भरून द्या, म्हणाला. तुमच्यामागं ती राहायला पाहिजे. मास्तर हरखले. त्या दिवशी मी जशी वाजले तशी पुन्हा कधी वाजले नाही. ढोल नाही, गर्दी नाही, नुसती चाल. ती जपली गेली, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

सत्यजीतने तिच्याखाली ठोका घातला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. ठोका नसला की माणसं खुर्च्यांकडं पळतात, एवढंच तो म्हणाला. थोड्याच दिवसांत गावोगावच्या पाठवणीला तीच चाल वाजू लागली. मास्तरांना बोलावणं येईनासं झालं.

मग मास्तरांच्या लेकीचं, मायाचं लग्न ठरलं. नवरा दौंडचा. मुलाकडच्यांनी डीजे सांगितला, तोही सत्यजीतचाच. माया बापाला एवढंच म्हणाली, "नाना, काय वाजवायचं ते वाजवू द्या त्यांना. मी निघताना तुमी वाजवा."

मास्तरांनी माझ्या चाव्यांना तेल दिलं. नवी पत्ती आणली.

पाठवणीची वेळ झाली. माया गाडीत बसली. मास्तरांनी मला ओठांना लावलं, आणि तेवढ्यात डीजेच्या बॉक्समधून माझाच भरून घेतलेला आवाज आला. त्याच्याखाली ठोका. पोरांनी गाडीपुढं फेर धरला. मास्तर सत्यजीतकडं गेले आणि जरा बंद कर म्हणाले.

सत्यजीत हसला. "मास्तर, तुमीच वाजवताय की ह्ये. आज पोरीचे बाप हाय तुमी. दमायचं कशाला? बसा निवांत."

मास्तर बसले नाहीत. गाडीच्या काचेजवळ उभं राहून त्यांनी पूर्ण दमाने मला फुंकलं. माझ्या पोटातून हवा गेली, चाव्या हलल्या, पण माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. मायाने बापाचे फुगलेले गाल पाहिले, बोटं पाहिली. तिने कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत न्हाई, नाना. पोरं बाजूला झाली आणि गाडी दौंडच्या रस्त्याला लागली.

रात्री तिचा फोन आला. आता वाजवा ना, मी ऐकते, म्हणाली. मास्तर म्हणाले, "बाय, पाठवणी लेक दारात असतानाच वाजवायची असती. आता तू पोचलीस."

त्यानंतर त्यांनी मला वाजवलेलं नाही.

मित्रांनो, बॉक्स वाईट नाहीत आणि नाचणारेही वाईट नाहीत. पण माझं लाकूड श्वासावर जगतं. वाजवलं नाही तर ते सुकतं आणि तडकतं. मग कितीही तेल लावा, सूर धरत नाही. तुमच्या गावात कुणी तोंडाने वाजवणारं उरलं असेल, तर त्याची चाल भरून घ्यायला जाऊ नका. त्याच्यापुढं बसा. आणि तो वाजवत असेल तोवर बाकीचं सगळं बंद ठेवा.