कार्य आटोपलं की

खोडदेवाडीच्या अण्णासाहेब जगदाळ्यांच्या मुलीचं लग्न सव्वादोन वर्षं झाली तरी अजून लागतच होतं. मुहूर्त दुपारी बारा वाजून सत्तावीस मिनिटांचा होता आणि मांडवात अजून तेवढेच वाजलेले होते. बाहेर गावात दोनदा ऊस तुटून गेला, सोसायटीची निवडणूक झाली, शाळेला नवं छप्पर बसलं. आत भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि माणसं प्रत्येक कडव्याला अक्षता टाकत होती. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मोठ्या घरचं कार्य आहे, वेळ लागायचाच, असं लोक म्हणत आणि आपापल्या कामाला जात.

महिपती भंडाऱ्याला मात्र फार वाटत होतं, कारण मांडव त्याचा होता. तालुक्याच्या गावी स्टँडच्या मागं त्याचं मंडप डेकोरेशनचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि त्यात रचलेले पाइप, पडदे, गाद्या, खुर्च्या. आता तिथं नुसतं शेड होतं. होतं नव्हतं ते सगळं खोडदेवाडीत उभं होतं. ठरवताना अण्णांनी पाच हजार इसार त्याच्या हातावर ठेवला होता आणि खांद्यावर थाप मारून म्हणाले होते, "बाकीचं कार्य आटोपलं की. अण्णा जगदाळ्याचा शब्द हाय."

अण्णा शब्दाचे पक्के. कार्य आटोपलं की सगळं देणं चुकतं करावं लागणार, हे त्यांना नीट ठाऊक होतं, म्हणून ते कार्य आटोपू देत नव्हते. यात त्यांचा खोटेपणा कुणाला दाखवता आला नसता. महिपतीनं पुष्कळ डोकं खाजवलं, त्यालाही सापडला नाही.

बरं, आपला माल आपण सोडवून आणावा, तर तेही नाही. अक्षता पडत असताना मांडवाची गाठ सोडायची नाही, हा या धंद्यातला नेम. महिपतीच्या बापानं तो पाळला होता. एकदा आग लागली तरी भटजींचं तोंड थांबेपर्यंत त्यानं दोरीला हात लावला नव्हता. असला बाप असल्यावर माणसाचं दिवाळं निघायला वेळ लागत नाही.

दर सोमवारी महिपती सायकलवरून खोडदेवाडीला जायचा. टेम्पो पहिल्याच वर्षी विकला होता. मांडवाच्या तोंडाशी अण्णा उभेच असायचे, जरीची टोपी, हातात गुलाबदाणी. अंगावर गुलाबपाणी उडवत म्हणायचे, "या, या, मंडपवाले! अगदी वेळेवर आलात."

"अण्णा, तेवढं बिलाचं..."

"अहो, शेवटचंच कडवं चाललंय. उभ्या उभ्या दोन अक्षता टाका की."

शेवटचं कडवं म्हणता म्हणता भटजी दोन्हीकडच्या सात पिढ्या संपवून बसले होते. मग त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांची कडवी केली, मग सोसायटीच्या संचालकांची, मग बैलांची. हल्ली ते विहिरीवरच्या मोटारीवर आले होते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' यायचं, लोक मुठी उघडायचे, आणि भटजी घोटभर पाणी पिऊन पुन्हा सूर लावायचे.

पैसे अडकलेला महिपती एकटा नव्हता. स्वयंपाकाचं काम घेतलेला दगडू आचारी होता, बँडवाला युनूसभाई होता. दोघंही त्याच्यासारखेच मागायला यायचे. मग एके दिवशी अण्णांनी माइकवरून दगडूचं नाव पुकारलं आणि भर मांडवात त्याला फेटा बांधून नारळ दिला. त्या क्षणापासून दगडू पाहुणा झाला. पाहुणा यजमानाकडं पैसे मागत नाही. तो पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला तो बसलाच. महिन्याभरानं युनूसभाई त्याच्या शेजारी बसला. महिपतीनं मांडवाच्या तोंडाशी उभं राहूनच हाक मारून, "युनूसभाई, घरी वाट बघत्यात," असं सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "बँड झकास हाय हां. कुठला आणलाय?"

त्या दिवशी महिपती बिलाचं न काढताच परतला. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. इंदूनं सगळं ऐकून घेतलं.

"पैसं बुडालं तर बुडू द्यात," ती म्हणाली. "पर फेटा तेवढा बांधून घिऊ नका."

"मी काय येडा हाय?"

वैशाखात त्यांच्या वैजूचं लग्न ठरलं. मुलगा कवठ्याचा, बेकरीत कामाला, गरीब पण सरळ. सोळा दिवसांवर तारीख आली. महिपतीची ही एकुलती एक लेक. लहानपणी ती गाद्यांच्या थप्पीवर झोपायची आणि तो ग्राहकांना हळू बोला म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींवर त्यानं सावली धरली आणि आता आपल्या पोरीला उन्हात उभं करायचं, या विचारानं त्याला घास जाईना. दुसऱ्या मंडपवाल्याकडं मागायला तो गेला होता. त्यानं हसून इसार मागितला.

"दोन पडदं आन् बारा पाइप," तो इंदूला म्हणाला. "एवढंच सोडून आणतो. नेम गेला खड्ड्यात."

त्या सोमवारी अण्णा तोंडाशी नव्हते. महिपती मागच्या अंगानं शिरला. त्यानं बांधला होता तेव्हा मांडव अंगणापुरता होता. आता तो चालत राहिला आणि पाइपांमागून पाइप येत राहिले. मध्ये शेजाऱ्याची विहीर लागली, तिच्यावरही झालर होती. पुढं मारुतीच्या देवळाचा पार लागला, त्यावर गाद्या घातल्या होत्या. सगळ्या गाठी त्याच्याच हातच्या होत्या, डावीकडून वळसा देऊन मारलेल्या. एवढ्या आपण कधी मारल्या, हे त्याला आठवेना. शेवटी त्यानं एक खांब निवडला आणि खाली बसून गाठीला नख लावलं.

माइक खरखरला.

"मंडळी, एक आनंदाची बातमी," अण्णांचा आवाज आला. "आपले मंडपवाले महिपती भंडारे यांच्या कन्येचा विवाह ठरलेला आहे. त्याबद्दल जगदाळे परिवारातर्फे त्यांचा सत्कार. महिपतराव, पुढं यावं."

सगळ्या मांडवानं माना वळवल्या. महिपती गाठीवरचं बोट न काढता तसाच बसून राहिला.

"नको, अण्णा," तो म्हणाला. "माझं पाइप द्या. बारा."

अण्णा जवळ आले. त्यांच्या हातात गुलाबी फेट्याचं कापड होतं. त्यांनी माइक बाजूला धरला आणि अगदी घरच्यासारखं हळू बोलले.

"लेकीच्या नावानं दिलेला मान परत लावतोस? एवढ्या अक्षता पडत असताना? पोरीच्या संसाराला बरं दिसंल का ते?"

महिपतीला इंदूचं बोलणं आठवलं. त्यानं उठून पळायचं ठरवलंसुद्धा. पण वैजूच्या नावानं आलेली वस्तू झिडकारायची, तीही मुहूर्तावर, हे त्याच्यानं होईना. उद्या तिला सासरी काही कमी-जास्त झालं तर जन्मभर मनाला लागून राहील. बापाचं काळीज, दुसरं काय. त्यानं मान खाली घातली आणि अण्णा त्याला हाताला धरून पहिल्या रांगेपाशी घेऊन गेले.

फेटा बांधायला बराच वेळ लागला. कापड सरता सरेना. कपाळावर पहिला वेढा बसला तेव्हा पाइपांचं लक्षात होतं, तिसऱ्या वेढ्याला बारा होते की चौदा याचा घोळ झाला. पाठीवर शेमला सोडला, नारळ हातात आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडू आचाऱ्यानं सरकून त्याला जागा करून दिली.

"अण्णा, माझं बिल," असं म्हणायला महिपतीनं तोंड उघडलं.

"अण्णा, थाट हाय हो," असं तोंडातून आलं.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "मांडव कुणाचा म्हणायचा हा? लई सुरेख." शेजारचा दगडू समजूतदारपणे हसला. महिपतीच्या आत सगळं जागच्या जागी होतं; वैजू, इंदू, सोळा दिवस, सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त ते जिभेपर्यंत पोचत नव्हतं. उठायला जावं तर पाय पाहुण्यासारखे एकावर एक ठेवलेले राहात.

पहिल्या रांगेतून त्याला अंतरपाटाच्या पलीकडचं दिसलं. आजवर तो तोंडाशी उभा राहून परत गेला होता, म्हणून कधी दिसलं नव्हतं. अलीकडं नवरदेव होता, दाढी छातीपर्यंत आलेला, डोळे मिटलेला. पलीकडं पाटावर शालू उभा होता. मुंडावळ्या होत्या, हिरव्या बांगड्या होत्या, हार होता. सगळं जिथल्या तिथं होतं, आत जगदाळ्यांची पोर नव्हती. सव्वादोन वर्षं उभं राहून ती झिजून संपली होती. करवली अधूनमधून शालूच्या निऱ्या नीट करत होती. अण्णांच्या बायकोनं एकदा तिकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि पाहुण्यांना पान-सुपारी विचारायला गेली.

बाहेर किती दिवस गेले ते महिपतीला मांडवाच्या तोंडातून दिसणाऱ्या उजेडावरून कळायचं. उजेड यायचा, जायचा. तो मोजत होता. पंधरावा उजेड वर आला आणि त्यात वैजू उभी राहिली.

हळदीच्या अंगानंच आली होती. पिवळी साडी, हाताला, गळ्याला, कानामागं हळद. दारात बँड नाही, मांडव नाही आणि बापही नाही, म्हणून शोधायला आली असणार. उन्हातून येऊन तिला आतलं दिसत नव्हतं. कपाळावर आडवा हात धरून ती रांगा न्याहाळत होती.

"आप्पा?" तिनं हाक मारली. "आप्पा, हाय का हितं? चला की. आई रडाय लागलीया."

अण्णांनी गुलाबदाणी खाली ठेवली. ते तिच्या हळदीकडं बघत होते. मग त्यांनी पाटाकडं पाहिलं. भटजींनी मोटारीचं कडवं मध्येच सोडलं. करवलीनं पाटावरचा रिकामा शालू उचलून हातावर घेतला.

महिपतीनं छाती फुटेस्तोवर जोर लावला. वैजू, मागं फिर. आत पाऊल टाकू नको. जा, पळ, मागं बघू नको. आयुष्यात त्याला कधी एवढ्या मोठ्यानं काही ओरडावंसं वाटलं नव्हतं आणि तो खरोखरच मोठ्यानं ओरडला. आवाज साऱ्या मांडवाला ऐकू गेला.

"या, या! आत या! लाजताय काय?"

वैजूचा चेहरा उजळला. बापाचा आवाज तिनं ओळखला. लहानपणापासून त्यानं ये म्हटलं की ती यायची, तशीच आली. दोन्ही बाजूंनी बायका उठल्या, कुणी तिचा हात धरला, कुणी तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. "अवं, माझं न्हाई हितं, माझं उद्या हाय," असं ती सांगत होती आणि बायका "हो गं बाई, हो," म्हणत होत्या. पाटावर उभी केली तेव्हा तिला तो पहिल्या रांगेत दिसला, फेटा बांधलेला, एकावर एक पाय ठेवलेला.

"आप्पा," ती म्हणाली, "सांगा की ह्यांना."

"जोडा शोभतो," महिपती म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं. आसपासच्या पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटलं.

जगदाळ्यांकडच्या मामांनी अंतरपाट पुन्हा ताणून धरला. भटजींनी घोटभर पाणी घेतलं आणि पहिल्यापासून, गणपतीपासून सुरुवात केली. रांगेतून अक्षतांचं ताट फिरलं. महिपतीच्या हातानं मूठ भरून घेतली. कडवं संपत आलं. त्यानं सगळा जीव त्या एका मुठीत आणला आणि ती आवळून धरली, इतकी की तांदूळ तळव्यात रुतले.

सावधान, भटजी म्हणाले. दगडूनं शेजारून वळून पाहिलं, म्हाताऱ्या माणसाला मदत करावी तसा हसला आणि त्याची बोटं एकेक करून उघडायला लागला.