परत घेतलेलं आवतण

पहिल्याच घरी लटारू उंबऱ्याबाहेरच अडखळला. सोबत आलेली त्याची मुलगी दिव्यानी हळूच म्हणाली, "बाबा, मी सांगू का?" त्याने नकारार्थी मान हलवली. शेण त्याने खाल्लं होतं, निस्तरायचंही त्यानेच.

"दसरूभाऊ, आवतण माघारी घेऊन राह्यलो. पोरीचं लगन ठरलंच नव्हतं. माह्यं चुकलं."

दीड महिन्यापूर्वी याच आळीत तो दारोदार हळदीचे तांदूळ ठेवून दिव्यानीच्या लग्नाचं आवतण देत हिंडला होता. मूल गावच्या स्थळाची माणसं तेव्हा मुलीला नुसती पाहून गेली होती. होकार यायच्या आधीच तांदूळ फिरल्याचं त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी नकार कळवला.

बाविसाव्या वर्षी लटारू दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला, तेव्हा गावाने त्याला आळशी ठरवलं. मग काही वर्षं नीट गेली. पुढे एका उन्हाळ्यात त्याची झोप उडाली, त्याने एकट्याने विहिरीचा गाळ उपसला आणि त्याच गावाने त्याची पाठ थोपटली. हा आजार असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नंतर पडून राहणं लांबत गेलं, उधाण वाढत गेलं, आणि मधली बरी वर्षं आखडून महिन्यांवर आली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याला बायपोलर म्हटलं, गोळ्या दिल्या. बरं वाटलं की लटारू त्या सोडायचा. या खेपेलाही सोडल्याच होत्या, आणि त्याच उधाणात तो आवतणाचे तांदूळ घेऊन निघाला होता.

कुणी भांडलं असतं तर त्याला सोसलं असतं. पण लोक चहा विचारत होते, "होते असं, भाऊ," म्हणत होते. दर घरी दिव्यानी खाली बघत उभी राहायची, आणि लटारूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटचं घर म्हाताऱ्या सुकरीबाईचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "मी त लगनाच्या आशेनं पोट रिकामं ठेवून बसली होती, बापा. आता मले वरण-भात कोण चारते?"

लटारू हसला. दीड महिन्यात पहिल्यांदा, पोटातून, मोठ्याने हसला.

दिव्यानीने झटकन वर पाहिलं. ती त्याचे डोळे निरखत होती, उधाणाची चमक शोधत.

"बाबा, सकाळची गोळी घेतली ना?"

"घेतली, माय."

सुकरीबाई आणखी काहीबाही गमतीचं सांगत राहिली. लटारू मान खाली घालून ऐकत होता, हसू फुटू नये म्हणून दातावर दात दाबून.