बकरीचा पाला

मंगलाबाईंनी फ्लॉवरचा गड्डा उलटा धरला, देठाशी सुरी फिरवली आणि बाहेरची पानं खाली पाडली. आनंदरावांनी ती उचलली, झटकली आणि पिशवीत कोंबली. मुळ्याचा पाला आधीच भरून झाला होता.

"आज जल्दी आले भाऊ?"

"ड्यूटी बदलली. पलासियाला एका बंगल्यावर संध्याकाळची रखवाली आहे आता."

"आणि बकरी? बरी आहे ना?"

"बरी आहे," आनंदराव म्हणाले.

बकरी नव्हती. कधीच नव्हती. दिवाळीनंतर मोठी मुलगी मानसी शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि सांगितलं, रक्त कमी आहे, दूध द्या, फळं द्या. बाहेर आल्यावर नर्सबाई हळूच म्हणाल्या, ते नाही जमलं तर हिरवा पाला द्या, गूळ-चणे द्या, पण रोज द्या. मिल बंद पडल्यापासून दूध चहापुरतंच येत होतं. घराजवळच्या बाजारात सगळे मिलचेच लोक. त्यांच्यासमोर खाली पडलेली पानं वेचायला आनंदरावांचा हात पुढे होईना. म्हणून ते शहर ओलांडून छत्रीबागेत आले. तिथं फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या मंगलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बकरी पाळली का?" त्यांनी मान डोलावली. तेवढंच.

मंगलाबाईंचं माहेर बऱ्हाणपूरचं. मराठी बोलणारा माणूस भेटला की त्यांना चार शब्द जास्त बोलावेसे वाटत. त्या रोज बकरीची चौकशी करत, आणि रोज काहीतरी सांगावं लागे.

"खोडीची आहे का हो?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"खोडीची नाही. हट्टी आहे. मी घरी येईपर्यंत तोंड लावत नाही. दारात उभी."

"मग खाते कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"बकरी आहे का सून?" मंगलाबाई हसल्या. आनंदरावही हसले. परतीच्या वाटेवर, उद्या आणखी काय सांगता येईल, याचा विचार करत ते चालत राहिले.

कापड मिलमध्ये साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय असते. घरी आता मोठ्याने बोलायला कुणी नव्हतं. बायको वारल्यावर पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली होती. त्यानंतर माणसं यायची थांबली. मुली सकाळी शाळेत जात. त्या परत येईपर्यंत आनंदराव पानांच्या शिरा काढत बसत. बारीक चिरून चण्याच्या डाळीत शिजवत, उरलेला पाला कणकेत मळून जाड पोळ्या थापत. धाकटी सुजाता ताटाकडे बघून म्हणायची, "बाबा, आपण बकऱ्या आहोत का?" ते म्हणत, "खा." रविवारी मानसीला उजेडात उभी करून तिची पापणी ओढून बघत. आधी पांढरी दिसायची, आता जरा गुलाबी दिसू लागली होती.

"भाऊ, एक काम होतं." मंगलाबाईंनी सुरी बाजूला ठेवली. "माझी लेक बाळंतपणाला आली आहे. तिला दूध उतरत नाही आणि डब्याचं नातीला पचत नाही. रात्रभर रडते बिचारी. तिची सासू म्हणते, बकरीचं पाजून बघा. तुमची देते ना दूध? फोकट नको. रोज भाजी घेऊन जा. पाला नाही, भाजी."

आनंदरावांचा हात पिशवीतच राहिला. दूध आटलं, असं म्हणता आलं असतं. वस्तीत एकांकडे बकरी होती. तिचं दूध आणून आपल्या बकरीचं म्हणून देताही आलं असतं. मग भाजीही मिळाली असती. त्यांनी तोंड उघडलं ते असंच काहीतरी सांगायला.

"ती नाही आता," ते म्हणाले.

"विकली?"

"नाही. गेली."

इतके दिवस 'गेली' हे लोकच त्यांना म्हणत होते. त्यांनी स्वतः कुणाला म्हटलं नव्हतं.

"अरे देवा. कधी?"

"अनंत चौदसला. मिल बंद, तरी गणपतीच्या मिरवणुकीत देखाव्याची झांकी काढली होती आमच्या लोकांनी, वर्गणी करून. खाली ढोल वाजत होते. म्हटलं, चल, खिडकीशी नेतो, बघ तरी. तर म्हणाली, आधी पोरींना वाढा..."

मंगलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. दिवाळी झाल्यापासून त्या हा पाला देत होत्या.

एक गिऱ्हाईक येऊन वांग्यांचा भाव विचारून गेलं. आनंदरावांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि आतली पानं एकेक करून परत पोत्यावर काढायला सुरुवात केली.

मंगलाबाईंनी त्यांचा हात धरला नाही. त्यांनी पिशवी आपल्याकडे ओढली, काढलेली पानं पुन्हा आत भरली, वर कोथिंबिरीची जुडी, मूठभर हिरव्या मिरच्या आणि आल्याचा तुकडा ठेवला. मग पिशवी त्यांच्यासमोर सरकवली.

"मुळ्याचा पाला आधी वाफवून घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"वाफवून घ्या. पोरींना कडू लागत असेल."

आनंदराव उठले. गुडघे झटकले.

"आमच्या वस्तीत एकांकडे बकरी आहे," ते म्हणाले. "सकाळी दूध आणून देतो."

"आणा."

ते चालायला लागले. मंगलाबाई भाजीवर पाणी शिंपडत होत्या. हात न थांबवता त्यांनी मागून विचारलं,

"नाव काय होतं हो, त्यांचं?"

आनंदराव वळले. रस्त्यावर टेम्पोंचा गोंगाट होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

"गयाबाई."