म्हातारीच्या भेगेवरची काच

टेकडीवरच्या काळ्या खांबांना गावाने नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. कधीकाळी उकळत वर आलेला लाव्हा थंड होताना उभा चिरला आणि त्याचे सहाकोनी खांब झाले. त्यातला जाडजूड तो पैलवान, एकमेकांवर रेललेले तीन ते दारुडे, आणि झाडीतून पडक्या किल्ल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर वाकून उभी ती म्हातारी. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सव्वादहाला, म्हातारीचं डोकं निखळलं आणि खाली पाणी प्यायला बसलेल्या गवंड्याच्या पायावर आलं.

गवंडी किल्ल्याचा ढासळलेला दरवाजा बांधत होता. टेकडीच्या राखणदाराच्या बायकोचा तो धाकटा भाऊ.

"आज चौकशीला कचेरीच्या इंजिनीअर बाई येणार ना दवाखान्यात?" डब्याचं झाकण लावत बायकोने विचारलं. "अहो, तुम्ही त्याला काही बोलू नका हं. आधीच सारखं माझंच चुकलं, माझंच चुकलं करतोय."

"मी काय बोलणार?" राखणदार म्हणाला. रुमालात गुंडाळलेली वस्तू त्याने तिची पाठ वळल्यावर खिशात घातली.

सोळा वर्षं तो टेकडी राखत होता. वणवा, तोड, पोरांचं खांबांवर चढणं, सगळं त्याच्याकडे. पण खरं जोखमीचं काम म्हणजे काचा. ज्या खांबाला भेग, त्या भेगेवर बोटभर रुंद काचेची पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरायची. दगड केसभर सरकला तरी काच तडकते. दर महिन्याला बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं : काच अखंड. तडकली असेल तर त्याच दिवशी वाट बंद करायची आणि कचेरीला कळवायचं. दगड खोटं बोलत नाही, असं आधीचा राखणदार म्हणायचा. माणसाबद्दल त्याने काही सांगितलं नव्हतं.

म्हातारीच्या मानेवरची काच अकरा वर्षं टिकली. गेल्या थंडीत तिचे दोन तुकडे झालेले दिसले.

त्या दिवशी गवंड्याचं काम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. कुंपणाच्या भिंती बांधण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर पहिल्यांदाच जुन्या वास्तूचं काम त्याच्या हाती आलं होतं. वाट बंद म्हणजे काम बंद. आणि बंद पडलेलं काम पुन्हा त्यालाच मिळेल, याची खात्री कोणी द्यायची? थंडीने तडकली असेल, राखणदाराने स्वतःला समजावलं. पण तुकड्यांमध्ये नखाएवढी फट होती. थंडीने काच तडकते, पण तुकडे एकमेकांपासून सरकत नाहीत. हे त्याला नीट ठाऊक होतं.

वर दरवाजाशी जाऊन त्याने गवंड्याकडून ओंजळभर प्लास्टर मागून आणलं. नवी काच लावली. तारीख मात्र अकरा वर्षांपूर्वीची कोरली. प्लास्टर फार पांढरं दिसत होतं, म्हणून थर्मासमधला कोरा चहा त्यावर बोटाने चोळला. त्यानंतर काच पुन्हा तडकली की नाही, त्याला कळलंच नाही. त्याने जवळ जाऊन बघणंच सोडलं. खालूनच मान वर करायचा आणि लिहायचा : काच अखंड. असं चार वेळा.

वॉर्डमध्ये गवंड्याचा पाय वजन लावून वर टांगला होता.

"या दाजी. त्या खुर्चीवर सांभाळून, तिचाही एक पाय गेलाय."

इंजिनीअर बाई आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर अहवाल. त्यांनी मुद्द्याचं तेवढं वाचलं. मानेखाली उरलेल्या प्लास्टरवर अकरा वर्षांपूर्वीची तारीख. नोंदवहीत प्रत्येक महिन्याला काच अखंड. म्हणजे दगड पक्का होता. तीन दिवस दरवाजाशी ड्रिल चाललं आणि तो सुटला. जुन्या वास्तूंच्या कामाच्या यादीतून गवंड्याचं नाव काढावं.

"तुम्हाला मान्य आहे?" त्यांनी विचारलं.

"बाई, म्हातारीचं डोकं माझ्या पायावर पडलंय, मी डोक्यावर नाही पडलेलो. मान्य. छिन्नीने केलं असतं तर आठ दिवस जास्त लागले असते, एवढंच. घाई नडली." मग राखणदाराकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीला माझ्यामुळे बट्टा लागला. माफ करा."

बाईंनी अहवाल पुढे केला. "तुमची सही इथे. नोंदवही बरोबर आहे, एवढ्यापुरतीच."

राखणदाराने पेन हातात घेतलं, आणि ठेवून दिलं. खिशातून रुमाल काढून पलंगावर उलगडला. काचेचे दोन मळकट तुकडे.

"ही खरी काच. तुम्ही जिचं प्लास्टर बघितलंत, ती मी लावलेली."

"कधी?"

"थंडीत. पाच महिने झाले."

"आणि तारीख?"

"जुनी कोरली. मीच."

बाईंचा आवाज चढला नाही. तुकडे उजेडात धरून त्यांनी विचारलं, "फट होती?"

कदाचित असेल, असं म्हणता आलं असतं. नीट आठवत नाही, असंही.

"होती. नखाएवढी."

त्यांनी ते लिहून घेतलं. गवंडी इतका वेळ छताकडे बघत होता.

"ओंजळभर प्लास्टर नेलं होतंत, ते हे?"

"हो."

"मी विचारलं होतं, कशाला हवंय. खिडकीला म्हणालात." तो थांबला. "चांगलं घट्ट कालवून दिलं होतं मी. रोज त्याच्याखाली बसायचो. सावली होती म्हणून."

"मला वाटलं, तुझं काम—"

"ते नका सांगू." गवंड्याने हात वर केला. "ते सांगितलंत तर मला तुमचे आभार मानावे लागतील."

येताना वाटेत राखणदाराने घोकलेलं तेच एक वाक्य होतं. दुसरं त्याच्याकडे नव्हतं.

बाईंनी अहवालाची दोन पानं रेघ मारून रद्द केली, कोऱ्या कागदावर त्याचा जबाब लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. वाट आजपासून बंद, त्याची नोकरी चौकशीपर्यंत बंद. त्याने सही केली. त्या गेल्यावर गवंडी म्हणाला, "तीन आठवडे मी त्या दगडाची माफी मागतोय, दाजी. झोपेतसुद्धा." मग ताईने पाठवलेला डबा त्याच्याकडे सरकवला. "हा घेऊन जा. आणि ताईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

घरी बायकोने दारातच डबा हातात घेतला. तो जड लागला.

"हे काय, जेवला नाही? काय म्हणाल्या बाई?"

"आधी बस," राखणदार म्हणाला. "तुला सांगायचंय."