म्हातारीचं जास्तीचं तेल

सकाळपासून तिचा पाय घरात ठरत नव्हता. भाजी चिरायला बसली आणि सुरी तशीच टाकून उठली. कपडे वाळत घालायला गेली, तर ओला टॉवेल खांद्यावर घेऊनच शेडच्या दारात येऊन उभी राहिली. आत मिस्त्री ट्रॅक्टरखाली आडवा झाला होता आणि तिचा नवरा त्याला पाने देता देता सारखा घड्याळाकडे बघत होता. बटाट्याची ट्रॉली आजच उतारावरून गोदामात न्यायची, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. याने एकदा डोक्यात घेतलं की संपलंच.

ट्रॅक्टरला ती दोघं म्हातारीच म्हणायची. पेरणीच्या सुमारास म्हातारीची लिफ्ट मरगळली. नांगर वर उचलताना कुरकुरायची, उचललेला हळूहळू खाली सोडायची. "विकून टाका," ती म्हणाली होती. "आधी मला विक," तो म्हणाला होता. झालं, तेव्हापासून अबोला. जेवण वाढल्याची बातमी मांजरीला दिली जायची आणि मीठ कमी पडल्याची तक्रारही मांजरीकडेच यायची.

गेल्या आठवड्यात उतारावर ब्रेक लागले नाहीत. ट्रॅक्टर वळणावर कालव्याच्या कठड्याला घासत थांबला. तो पांढराफटक चेहरा घेऊन घरी आला, तरी तिची मेली जीभ उचलली नाही. आज तो पुन्हा त्याच वळणावर जाणार होता.

मिस्त्रीने मागचं चाक काढलं, ड्रम उघडला. "हे बघा. ब्रेकचे लायनर तेलाने निथळतायत. पेडलवर नाचलात तरी ब्रेक लागणार नाही." मग त्याने तेल मोजायची पट्टी उपसली आणि कपाळाला हात लावला. "खुणेच्या केवढं वर तेल! गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं. जास्त झालं, सीलमधून पाझरलं आणि ब्रेकमध्ये गेलं. ओतलं कोणी?"

"मी," नवरा म्हणाला. "लिफ्ट उठत नव्हती, म्हणून रोज सकाळी थोडं थोडं."

तिने टॉवेल घट्ट धरला. "मीही ओतलंय. संध्याकाळी. नांगर यांच्या पायावर पडेल, अशी भीती वाटायची."

मिस्त्री आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. "अहो, लिफ्टच्या तेलाची जाळी गाळाने तुंबलीय. तेल कमी नव्हतंच! तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का?"

नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. तिच्या मात्र सगळं लक्षात आलं. म्हणजे ज्या हाताने जपायला गेली, त्याच हाताने ती त्याला कालव्याकडे ढकलत होती. डोळे भरून आले, ते तिने ओल्या टॉवेलात पुसले.

मिस्त्रीने जास्तीचं तेल काढलं, जाळी धुतली, नवं सील आणि नवे लायनर बसवले. लिफ्ट एका दमात वर गेली आणि वरच राहिली. "ट्रॉली राहू द्या. आधी रिकामाच उतारावर नेऊन बघा," तो म्हणाला. नवरा सीटवर चढला. त्याच्या मागोमाग तीही मडगार्डवर जाऊन बसली.

"वहिनी, माझ्या कामावर भरवसा नाही का?"

"तुमच्या कामावर आहे, भाऊ." मग ती नवऱ्याकडे वळली. "दोन्ही पेडल जोडणारी कडी लावलीत?"

इतक्या दिवसांनी तिने थेट त्यालाच विचारलं होतं. त्याने खाली वाकून बघितलं. कडी सुटीच होती. शेतात वळताना एकेका चाकाचंच पेडल दाबायची सवय, म्हणून रस्त्यासाठी दोन्ही जोडायची राहून गेली होती. उतारावर एकच चाक अडलं असतं, तर ट्रॅक्टर पुन्हा कालव्याकडे फिरला असता.

त्याने कडी लावली. "राहिलीच होती," तो म्हणाला.

"बघू," म्हणत ती वाकली आणि कडी हाताने ओढून खात्री केली. "आता चला. आणि वळण यायच्या आधी मला सांगा."

"सांगतो," तो म्हणाला, आणि वळण येईपर्यंत सगळा उतार बोलतच राहिला.